तारेचा पाचवा तुकडा

सकाळी पावणेनऊ वाजता काउंटर आवरताना जनीनच्या लक्षात आलं की तारेचा एक तुकडा कमी आहे.

ग्रिम्सबीच्या धक्क्यालगतचं तिचं वेपचं, म्हणजे ई-सिगारेटचं, दुकान बोटीवर जाणाऱ्यांसाठी सहालाच उघडतं. कॉइलचं, म्हणजे वेपमध्ये तापणाऱ्या तारेच्या वेढ्यांचं, काम झालं की चटईवर पडलेली तारेची टोकं मोजायची आणि मगच झाडायची, हा तिचा नियम. आज गिऱ्हाईक लागोपाठ आलं, त्यामुळे मोजणी राहून गेली. चटईवर चार टोकं होती. असायला हवी होती पाच.

आजचं कॉइलचं एकमेव काम तिच्या मामाचं होतं. क्लाइव्ह टॉपलिस समुद्रातल्या पवनचक्क्या दुरुस्त करतो. साडेसहाला तो दारातूनच ओरडत आला होता.

"जनीन, तुझ्या कॉइलने घसा भाजला माझा. जळका कापूस ओढतोय मी."

"महिनाभर साफ केली नसशील, मामा."

"साफसफाईवरूनच तुझी मामी सोडून गेली मला. आता तू नको सुरू होऊस."

तिने त्याच्या वेपच्या वरच्या वाटीत दोन नव्या कॉइल बसवल्या, चार लांब टोकं कापली आणि वाटी दुकानातल्या यंत्रावर चढवून बटण दाबून पाहिलं. डावी लगेच लाल झाली, पण एकाच कडेला. मधले वेढे काळेच. उजवी नुसती धुमसत होती. अशा कॉइलवर द्रवात भिजवलेला कापूस एका जागी जळतो आणि दुसऱ्या जागी ओला राहतो. तिने चिनीमातीच्या टोकाचा चिमटा डाव्या वेढ्यांवरून हलकेच फिरवला, वेढे एकमेकांना चिकटवले, पुन्हा क्षणभर बटण दाबलं. असं सात-आठदा केल्यावर लाली मधून कडांकडे पसरू लागली. उजवीचा दोष वेगळा होता. तिचा एक पाय लांब राहिला होता. जनीनने स्क्रू सैल केला, तार ओढून घेतली, स्क्रू आवळला आणि उरलेलं टोक कापलं. तीळभर तुकडा. तोच पाचवा.

"आटप गं पोरी," क्लाइव्ह म्हणाला. "बोट कुणासाठी थांबत नाही. तुझ्या बापासाठीही थांबली नव्हती, आणि तो तर कप्तान होता."

दोन्ही कॉइल एकदम उजळल्या. एरवी ती इथे वाटी उलटी करून तळहातावर ठोकते, म्हणजे आत काही पडलं असेल तर बाहेर येतं. आज तिने सरळ कापूस भरला. मीटरवर आकडा बरोबर आला. क्लाइव्हने ती वाटी आपल्या बॅटरीच्या पितळी नळीवर फिरवून बसवली आणि तो गेला.

आता तिला क्लाइव्हची नळी आठवली. दुकानातल्या यंत्रात तारेला तार लागली तर यंत्र बंद पडतं. क्लाइव्हच्या नळीत ती सोय नाही. आत बॅटरी, खाली बटण, बस्स. तो तुकडा कापसाखालून सरकून तारा धरणाऱ्या दोन खांबांच्या मधे बसला आणि बटण दाबलं गेलं, तर सगळा जोर बॅटरीवरच उलटणार. बटण अडकवून ठेवायची कडी कधीचीच सैल झालेली. आणि नळी असते छातीच्या खिशात, वर चेन ओढलेला जाड रबरी पोशाख.

तिने दुकानाला कडी घातली. ही तार लोहचुंबकाला चिकटते, म्हणून ती गुडघ्यांवर बसून फरशीवरून चुंबक फिरवत राहिली. एक टाचणी आणि केसांची पिन हाती लागली. बाही झटकली, कात्रीचं पातं पाहिलं, बुटांचे तळवे पाहिले. काही नाही.

क्लाइव्हचा फोन बंद होता. तिने धक्क्यावरच्या कचेरीत वेंडीला लावला. बोटींशी रेडिओवर बोलणं हे वेंडीचं काम.

"मामाकडून ती नळी काढून घ्यायला सांग. बॅटरी बाहेर काढायची. आत्ता."

"अगं बाई, क्लाइव्हकडून नळी? कुत्र्याच्या तोंडातलं हाड मागणं सोपं."

"वेंडी, मी चुकलेय. ती त्याच्या छातीवर फुटेल."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग रेडिओची खरखर, वेंडीचा आवाज, पुन्हा खरखर.

"बोटीवरचे म्हणतात, तो शिडी चढून पवनचक्कीत गेला," वेंडी म्हणाली. "डेकवर एक झुरका मारला होता त्याने. म्हणाला, भाचीने झकास करून दिलीय. मग चाललीच की नीट, नाही का?"

"तेव्हा चालली. शिडीवर हिसके बसतात. तुकडा हलला असेल."

पलीकडे रेडिओचं बटण खटकलं.

"त्याला बोलव ना रेडिओवर."

"बोलावतेय. तो आतल्या लिफ्टमध्ये आहे, एकटाच. पोलादी मनोऱ्यात आवाज धड पोचत नाही. वर पोचला की बोलेल. चार-पाच मिनिटं लागतात."

जनीन फोन कानाला लावून उभी राहिली. बाहेर कुणीतरी दार ढकलून पाहिलं, काचेवर टकटक केली आणि शिवी हासडून निघून गेलं.

नऊ वाजून दहा मिनिटांनी वेंडी पुन्हा बोलली. लिफ्ट अर्ध्यावर थांबली आहे; आतल्या माणसाने बटण सोडलं की ती थांबते. क्लाइव्हचं उत्तर नाही. बोटीवरचे दोघे आतल्या शिडीने वर निघाले आहेत.