तिकोनी घडी

“सहमत, एक मत!”

होंगकाकांनी मतपत्रिका दोन्ही हातांनी डोक्यावर धरली, आधी डावीकडे, मग उजवीकडे दाखवली. फळ्याजवळच्या मास्तरांनी तेच शब्द परत म्हणत भिंतीवरच्या कागदावर एक रेघ ओढली. पाच रेघा झाल्या की एक अक्षर पुरं होतं, आणि त्या अक्षराचा अर्थ ‘सरळ’. चौथी ‘ब’च्या भिंतीवर ‘असहमत’खाली असली सरळ अक्षरं भराभर वाढत होती. ‘सहमत’खाली अजून तिसरी ओळही भरली नव्हती.

बूदाई हे समुद्राकाठचं कालवांचं गाव. मतमोजणी बघायला कुणीही यावं, दोरीपलीकडे उभं राहावं, आणि पुकारणाऱ्याची जीभ घसरली तर तिथल्या तिथे ओरडावं, अशी इथली रीत. होंगकाकांवर आजवर कुणाला ओरडावं लागलं नव्हतं. चौतीस वर्षं पोस्टात काढली आणि सुट्टीच्या दिवशी निवडणुकांची मतं पुकारली. “होंगकाका पुकारतात म्हणजे खुद्द देवीच पुकारते,” असं कालवं सोलणाऱ्या बायका थट्टेनं म्हणत, आणि काका ती थट्टा मनातल्या मनात खरी धरून चालत.

आज दोरीपलीकडे त्यांची एकुलती एक मुलगी उभी होती, यून-झेन. तिच्याशेजारी वेन-छी. वेन-छी राजधानीत, तैपेईतल्या एका दवाखान्यात परिचारिका होती आणि नऊ वर्षं यून-झेनबरोबर एका घरात राहत होती. सार्वमताचा जो प्रश्न भिंतीवर चिकटवला होता तो या दोघींचाच होता. दोन बायकांना, दोन पुरुषांना, एकमेकांशी लग्न करायचा हक्क असावा का?

ज्या गावी नाव नोंदवलेलं त्या गावी येऊनच मत द्यायचं, हा नियम. यून-झेननं नाव कधीच तैपेईला नेलं नव्हतं. बायको गेल्यापासून काकांना याच एका गोष्टीचा आधार होता. पोर एरवी येवो न येवो, मत द्यायला तरी येते. या खेपेला ती तीन वर्षांनी आली, आणि पहिल्यांदाच वेन-छीला घेऊन आली.

आदल्या संध्याकाळी काकांनी कालवं घालून पेज केली होती.

“बाबा, मी आशीर्वाद मागत नाहीये,” यून-झेन म्हणाली. “मत मागतेय.”

“मागायचं काय त्यात? देईन.”

“नक्की?”

“अगं देईन म्हटलं ना! गार होतेय ती, खा आधी.”

वेन-छीनं माशाच्या पोटाचा मऊ तुकडा त्यांच्या वाडग्यात वाढला. त्या घरात तो तुकडा नेहमी काकांच्या बायकोला मिळायचा. काकांनी तो खाल्ला आणि पोरगी चांगली आहे असं त्यांना मनापासून वाटलं. त्या घटकेला त्यांचा शब्द खराच होता.

सकाळी शाळेच्या फाटकापाशी देवळाच्या समितीतला म्हातारा त्साइ भेटला. “काय काका, घरी पाहुणी आलीय म्हणे! सून म्हणायचं की जावई?” भोवतालचे चार जण खो खो हसले. आणि होंगकाकाही हसले. हसायची काही गरज नव्हती. गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण ते हसले, आणि ते हसू तोंडावर घेऊनच आडोशाआड मत द्यायला गेले.

आत शिक्का हातात घेऊन ते बराच वेळ उभे राहिले. सगळा गाव एका बाजूला पडणार हे दिसतच होतं. आपल्या एका मतानं काय होणार? ना कुणाचं भलं, ना वाईट. शिवाय मनाच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती. कायदाच झाला नाही तर पोर कधीतरी दमेल, एकटी घरी परत येईल. त्यांनी ‘असहमत’च्या चौकटीत शिक्का मारला. मग हातांनी आपलं काम केलं. तीन घड्या, कोपरा तिरका दुमडून आत खोचलेला, चौतीस वर्षांची सवय.

आता पेटीतल्या पत्रिका टेबलावर पडल्या होत्या. मोजणीला बसलेल्या सूबाई एकेक उलगडून काकांच्या हाती देत होत्या. मध्येच त्या थांबल्या.

“अगंबाई, ही मतपत्रिका आहे की औषधाची पुडी? कुणी हो घातली ही तिकोनी घडी?”

वर्गात हशा पिकला. यून-झेनही हसली, पण तिचं हसू वेगळं होतं. तिच्या शाळेच्या डब्यात रोज बाबांची अशीच घडी घातलेली चिठ्ठी असायची: आज परीक्षा आहे, घाई करू नकोस. आज पाऊस आहे, छत्री विसरू नकोस. तिनं वेन-छीच्या दंडाला हात लावला, कानात काही सांगितलं, आणि दोघी काकांकडे बघू लागल्या. यून-झेनचे डोळे भरून आले होते. आपल्या लेकीनं इतक्या मायेनं आपल्याकडे कधी पाहिलं होतं, ते काकांना आठवेना.

“तुम्हीच सोडवा काका,” सूबाईंनी घडी पुढे केली. “पोस्टाचंच काम दिसतंय.”

काकांनी नखानं कोपरा सोडवला. आत काय आहे ते त्यांना वाचायची गरज नव्हती. एक शब्द खोटा पुकारला असता तर? पण पत्रिका वर धरायची होती, आणि बघायला डोळे होते. आणि डोळे नसते, तरी ते त्यांच्याच्यानं झालं नसतं.

“असहमत, एक मत.”

“ऐकू नाही आलं काका!” मागून कुणीतरी ओरडलं. “मोठ्यांदा!”

आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर कुणी ओरडलं होतं.

“असहमत! एक मत!”

त्यांनी पत्रिका वर धरली. डावीकडे दाखवली. मग उजवीकडे, जिथे यून-झेन उभी होती.

ती निघून जाईल असं त्यांना वाटलं. ती गेली नाही. उरलेल्या दोनशेवर पत्रिका पुकारून होईपर्यंत ती तशीच उभी राहिली, आणि प्रत्येक मत तिनं ऐकून घेतलं. सहमत एकशे त्र्याऐंशी, असहमत चारशे बासष्ट.

फाटकापाशी ती एकटीच थांबली होती. वेन-छी बॅगा आणायला पुढे गेली होती.

“मत गुप्त असतं, यून-झेन,” काका म्हणाले.

“गुप्तच राहील. मी वेन-छीला सांगितलं, माझी चूक झाली, घडी दुसऱ्याच कुणाची तरी होती.” तिनं वेन-छी गेली त्या दिशेला पाहिलं. “बाकीच्यांचं मला एवढं नाही वाटलं, बाबा. ते आम्हाला ओळखत नाहीत. आज नाही तर उद्या त्यांना समजावता येईल. तुम्ही मला ओळखता.”

“अगं, एका मतानं काय...”

“एकच मागितलं होतं.”

तिनं वाकून नमस्कार केला, परक्या वडीलधाऱ्याला करतात तसा, आणि ती बसच्या दिशेनं गेली. काकांना हाक मारायची होती. एवढा वेळ पुकारून घसा बसला होता, असं ते पुढे स्वतःला सांगत राहिले. ते खरं नव्हतं. त्यांना लाज वाटत होती.

पुढच्या उन्हाळ्यात कायदा झालाच. असा कायदा कराच, हा न्यायालयाचा हुकूम आधीच होता, आणि काकांच्या मतानं कुणाचं काही अडलं नाही. यून-झेन फोन उचलायची, औषधं घेता का विचारायची, तिकडच्या हवेचं सांगायची. गावी येण्याचं काही बोलायची नाही, आणि काकांना विचारायचा धीर व्हायचा नाही.

हिवाळ्यात परत निवडणूक लागली. गल्लीची प्रमुख लुओमावशी सायकलवरून मतदानाच्या चिठ्ठ्या वाटत आली. तिनं एक चिठ्ठी काढून दिली आणि वही उघडून पुढे केली.

“एकच?” काकांनी विचारलं.

“एकच. पोरीनं नाव तिकडे नेलं ना, लग्नाची नोंद केली तेव्हाच. तुम्हाला ठाऊक नव्हतं?”

“ठाऊक होतं.”

“आणि शाळेतून विचारलंय, या वेळी पुकारायला येणार ना?”

“नाही जमायचं. दुसरं कुणीतरी बघा.”

लुओमावशीनं वहीवर पेन ठेवलं. काका वहीतल्या आपल्या नावाकडे बघत राहिले. त्याच्याखाली आता थेट शेजाऱ्यांचं नाव होतं.

“मावशी, तिचा तिथला पत्ता असेल का हो तुमच्याकडे?”

“आमच्याकडे पत्ता नाही येत, काका. फक्त नाव खोडलेलं येतं.”

काकांनी मान डोलावली, आणि ती दाखवत होती तिथे सही केली.