एकशे अठ्ठेचाळीस

आमच्या गटात माणसाची ओळख त्याच्या हेल्मेटच्या मागच्या बाजूला लिहिलेली असे. आपल्या मोटारसायकलवर गाठलेला सर्वांत मोठा वेग प्रत्येकजण सीताबर्डीच्या रेडियमवाल्याकडून कापून घेई आणि तिथे चिकटवी. नागसेनदादांच्या हेल्मेटवर एकशे चोवीस होते, प्रीतीच्या हेल्मेटवर एकशे एकवीस. माझ्या हेल्मेटवर एकशे अठ्ठेचाळीस. पुरावा म्हणून मीटरचा फोटो गटावर टाकायचा. गटाचे म्होरके नागसेनदादा त्याखाली अंगठा पाठवीत आणि तेवढ्याने आकडा खरा ठरे.

माझा आकडा खरा नव्हता.

पहिली दोन वर्षे माझ्या हेल्मेटवर काहीच नव्हते. ज्याचा आकडा मोठा तो रांगेत पुढे आणि ज्याला आकडा नाही तो शेवटी, असा आमचा रिवाज. शेवटच्या माणसाने कुणालाही मागे टाकून पुढे जायचे नाही, एवढेच त्याचे काम. ते मला आवडे. सगळ्यांच्या पाठी दिसत. कोण थकले आहे, कुणाचा मागचा दिवा लागत नाही, हे माझ्याइतके कुणाला कळत नसे. पण रविवारी चहाच्या टपरीवर बोलणे वेगाचेच असे, आणि त्या बोलण्यात मला जागा नव्हती. एकदा प्रीतीने सहज विचारले, "तुह्या गाडीचा किती गा, प्रेमानंद?" मी खरे ते सांगितले : नव्वद. कुणी टोचून बोलले नाही. सगळे हसले आणि पुढच्या विषयाकडे वळले. ते वळणेच मला लागले.

त्या आठवड्यात भर दुपारी, आमच्या इमारतीच्या वाहनतळात, मी गाडी मधल्या स्टँडवर घेतली. अशा वेळी मागचे चाक जमिनीपासून चार बोटे वर असते. आमच्या गाड्यांचा वेग त्याच चाकावरून मोजला जातो, आणि अधांतरी चाकाला ना वाऱ्याचा अडसर, ना माणसाचे ओझे. मी सहावा गिअर टाकला, मूठ पिळली आणि मीटरवर उमटलेल्या आकड्याचा फोटो काढला. गाडी जागची हललीही नव्हती.

नागसेनदादांचा अंगठा आला. पुढच्या रविवारी माझ्यासाठी खुर्ची सरकवण्यात आली.

आणि मग वैभव माझ्या मागे येऊ लागला. तेवीस वर्षांचा, नागपूरच्या महाल भागातला. घरी आजोबांपर्यंत हातमाग चालत असे. हा सीताबर्डीला मोबाइल दुरुस्त करतो. त्याची आणि माझी गाडी एकाच बनावटीची, एकाच महिन्यात घेतलेली. रांगेत तो दर रविवारी माझ्या पाठीमागे असे, म्हणजे तासन् तास माझा आकडा वाचत असे. त्याची गाडी एकशे सव्वीसच्या पुढे जात नव्हती. जाणारही नव्हती. ते मला ठाऊक होते. त्याला मात्र वाटत होते की आपल्या गाडीला काहीतरी रोग आहे. त्याने कवडू मिस्त्रीकडून चेन-स्प्रॉकेट बदलून घेतले, कार्ब्युरेटर दोनदा उघडून घेतला. शेवटी मलाच विचारले. मी काय सांगणार होतो? खोटे एकदा अंगावर घेतले की त्याची निगाही राखावी लागते. मी विचार केल्यासारखे केले आणि म्हणालो, "आरसे वारा फार धरतात. ते काढून पाहा."

त्या जानेवारीतल्या रविवारी तो आरसे काढूनच आला. खाप्याकडे वळणाऱ्या फाट्यावर आम्ही चहाला थांबलो होतो. थंडी होती, ग्लास दोन्ही हातांनी धरावा लागत होता.

"हे पाहा, मुंडा बैल," प्रीती म्हणाली. "शिंगं कुठी गेली रे?"

"बॅगेत हायेत. टॉवेलात गुंडाळून ठेवले," वैभव म्हणाला. "आज एकशे पन्नास. प्रेमभाऊचा आकडा उतरवूनच घरी जातो."

"मीटर तसंही पाच-सात जास्तच दाखवते," नागसेनदादा म्हणाले. "खरा आकडा फक्त कंबरेले माहीत राहते. माह्या वयाचा झाला का समजीन तुले."

सगळे हसले. मीही हसलो. मी तेव्हाच बोलायला हवे होते. चहा संपेपर्यंत वेळ होता, तो हेल्मेटचा बंद बांधेपर्यंत वेळ होता. सरकवलेली ती खुर्ची माझ्याखाली होती आणि मला ती सोडवत नव्हती.

वैभव सरळ रस्त्यावर दिसेनासा झाला. आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला, मग तोही गेला. मी मनात आकडे मोजू लागलो. दोनशे चाळीसपर्यंत पोहोचलो तेव्हा तो परत येताना दिसला.

त्याने गाडी उभी केली. फोन दाखवला : एकशे सत्तावीस. चेहऱ्यावर हसू होते, पण हातमोजा काढताना बोटे सापडत नव्हती.

"काय झालं गा?" नागसेनदादांनी विचारले.

"काही नाही. समोर रेतीचा टिप्पर होता. त्याले वलांडाले उजवीकडे घेतली, तर मागून कार. दिसलीच नाही न मले. एवढ्यातून गेली." त्याने अंगठा आणि करंगळी ताणून वीतभर अंतर दाखवले. "पण आकडा चढूनच राहिला होता गा. अजून एक डाव मारतो. सामानाच्या पेट्यांचे स्टँडबी काढून टाकतो." मग तो माझ्याकडे वळला. "प्रेमभाऊ, सांगा ना, तुमी कसे झुकले होते? हनुवटी टाकीले लावली होती का?"

तो खरोखर उत्तराची वाट पाहत होता.

मी उठलो, माझी गाडी टपरीसमोरच मधल्या स्टँडवर ओढली आणि सुरू केली. एकेक गिअर टाकत सहाव्यापर्यंत गेलो आणि मूठ पिळली. मागचे चाक हवेत किंचाळले. टपरीवाला कढई सोडून बाहेर आला. मी बाजूला झुकलो, म्हणजे वैभवला मीटर दिसेल. एकशे एकेचाळीस. एकशे पंचेचाळीस. एकशे अठ्ठेचाळीस.

मी इंजिन बंद केले. चाक मात्र किती तरी वेळ फिरत राहिले.

प्रीतीला आधी हसू आले. "म्हंजे गाडी जागेवरच? आन् आमी तुले पुढं घालून राहिलो होतो?" मग तिने वैभवकडे पाहिले आणि हातातला ग्लास खाली ठेवला.

"अंगठा मीच देल्ला होता," नागसेनदादा स्वतःशीच म्हणाले.

वैभव थांबलेल्या चाकाकडे पाहत होता. "आन् आरशाचं?" त्याने विचारले. "तेबी असंच?"

"हो," मी म्हणालो.

"काहून?"

नुसते का विचारण्याऐवजी तो शिवी देता तर बरे झाले असते. त्याने बॅग उघडली, टॉवेल सोडला आणि उकिडवा बसून आरसे लावू लागला. मी पाना धरायला हात पुढे केला. त्याने पाना दुसऱ्या हातात घेतला.

मी टपरीच्या मागे जाऊन हेल्मेटवरचे रेडियम नखाने खरवडले. एक आणि चार निघाले. आठाचा खालचा गोल निघेना. तो तसाच राहिला.

"रांग लावा," नागसेनदादा म्हणाले. "प्रेमानंद, शेवटी."

परतीच्या वाटेवर आम्ही साठानेच चाललो होतो. त्या दिवशी आकड्यांचा क्रम कुणी पाळला नाही; माझ्यापुढे वैभव होता. घाईने आवळलेला त्याचा उजवा आरसा नीट बसला नव्हता. प्रत्येक धक्क्याला तो थोडा खाली वळे, आणि लवकरच त्यात फक्त रस्ता दिसू लागला असावा. शेवटच्या माणसाने दोनदा हॉर्न दिला की पुढच्याने थांबायचे, असा आमचा नियम आहे. मी दोनदा हॉर्न दिला. वैभव थांबला नाही. चालत्या गाडीवर त्याने हाताने आरसा वर केला. पुढच्या खड्ड्यात तो पुन्हा वळला.

मी तिसऱ्यांदा हॉर्न दिला नाही. त्याच्या मागे, थोडा उजवीकडे सरकलो, म्हणजे त्याला न दिसणारी बाजू माझ्या अंगावर राहील. मागून येणारी वाहने चिडून हॉर्न देत आणि मला वळसा घालून जात. पार नागपूर येईपर्यंत मी तिथून हललो नाही. वैभवने एकदाही मागे वळून पाहिले नाही.