देवानं धरलेली जागा

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई बायनाबाई, परभणीला दिलेल्या लेकीच्या घरी आजवर एकदाही मुक्कामाला राहिल्या नव्हत्या. कारण एकच. "माझ्या देवाला पानी कोन घालील?" देव्हाऱ्यातले चांदीचे टाक त्यांच्या आजेसासूपासूनचे. झिजून झिजून खंडोबाचा घोडासुद्धा आता नीट दिसत नाही. पण त्यांना आंघोळ घातल्याशिवाय आत्याबाईंच्या तोंडात घास जात नाही.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत येलदरीचं धरण बघायचं ठरलं तेव्हा आमची मुलगी राजेश्री आधी आजीजवळ जाऊन बसली. जीप करायची नाही, सगळा प्रवास एसटीनं, हा तिचाच हट्ट. पालमहून गंगाखेड, तिथून परभणी, परभणीला बबिताआत्याकडे मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी जिंतूरवरून येलदरी. मोबाइलमध्ये बघून बघून तिनं सगळं जुळवलं होतं.

"आन् माझे देव?"

"त्यांला बी घेऊ की आज्जी. त्यांनी तरी धरण कुठं बघितलंय?"

आत्याबाई बराच वेळ वाती वळत राहिल्या. मग म्हणाल्या, "बघितलं नसंल खरं."

पहाटे निघायचं म्हणून देवांची आंघोळ परभणीला पोचल्यावर घालायची ठरली. निघताना आत्याबाईंनी देव लाल फडक्यात बांधून पिशवीत ठेवले आणि आमच्या तिघांकडे बघून बजावलं, "ह्यांला काही झालं तर मी पुन्ना उंबरा वलांडायची न्हाई. लेकीचा बी न्हाई."

तिकडे बबितानं फोनवर चारदा विचारून घेतलं होतं, माय खरंच येतेय ना?

गंगाखेडच्या स्टँडवर ही गर्दी. आत्याबाईंना मुतारीकडे जायचं होतं. देव घेऊन तिकडं कसं जावं? त्यांनी पिशवी लेकाच्या, म्हणजे आमच्या ह्यांच्या खांद्यावर अडकवली. "बन्सी, खाली ठिवू नको रे." मी त्यांच्या सोबत गेले.

आम्ही परत येतोय तोच एक गाडी फलाटाला लागली आणि सगळं स्टँड धावलं. हेही धावले. आता आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. गाडी थांबायच्या आत खिडकीतून रुमाल टाकायचा. रुमाल नसेल तर टोपी, टोपी नसेल तर हाताला येईल ते. जागा आपली झाली. जन्मभर एसटीनं फिरलेला माणूस, हात आपसूक चालतो.

थोड्या वेळानं हे हसत परत आले. "पाटी वाचली. ती पालमची हाय. आपल्याच गावाकडं चाललीय."

गाडी मागे सरली, वळली, फाटकाबाहेर गेली.

आत्याबाई म्हणाल्या, "बन्सी, पिशवी?"

ह्यांनी खांदा चाचपला. मग दुसरा खांदा चाचपला. चेहरा असा पांढरा पडला की मला वाटलं हा माणूस आता खाली बसतो. राजेश्रीच्या हातातली पाण्याची बाटली सुटली, ती उचलायचंही कुणाला सुचेना.

"देवाला फेकलास?" आत्याबाई ओरडल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, तेच भयंकर होतं. "देवाला, फेकलास?"

"माय, जागा धरायला गेलतो..."

त्या तिथंच फरशीवर बसल्या. "त्यांला यायचंच नव्हतं. घरी निघून गेले बघ. बबिताला सांगा, माय येत न्हाई."

मी जवळ बसून म्हटलं, "आत्याबाई, सप्त्यात महाराज सांगत होते की न्हाई, आपण देवाला सांभाळत नसतो, देवच..."

"कीर्तन नको मला. देव आन!"

राजेश्रीच तेवढी भानावर आली. पालमच्या स्टँडवर आमच्या ओळखीच्या हरिओमचं चहाचं हॉटेल आहे. तिनं त्याला फोन लावला. "काका, गाडी येईल, त्यात खिडकीजवळ पिशवी हाय. देव हायत त्याच्यात आज्जीचे!"

मग नुसती वाट बघणं. आत्याबाई पदर तोंडाला लावून बसलेल्या. हे एका खांबाजवळ उभे, आमच्याकडे बघायची हिंमत नाही. परभणीची एक गाडी आली, गेली.

शेवटी हरिओमचा फोन. "सापडले! पर मी उतरवले न्हाईत. कंडक्टर बाई म्हनल्या, हीच गाडी माघारी गंगाखेडला येतीय, जागेवरच राहू द्या."

गाडी आली तेव्हा आम्ही दारातच. आधी माणसं उतरू लागली, उतरतच राहिली, इतकी दाटून भरलेली. आत्याबाई दांडा धरून वर चढल्या आणि थबकल्या. मागून मीही डोकावले.

एवढ्या गर्दीच्या गाडीतही खिडकीजवळच्या त्या जागेवर कुणी बसलेलं नव्हतं. पिशवी होती तशी, तिच्यावर कुणीतरी वेणीतली शेवंती काढून वाहिलेली, बाजूला खडीसाखर.

"जाताना लोक उभेच होते," कंडक्टर बाई म्हणाल्या. "पिशवी पडलेली म्हनल्यावर कुनी बसलं न्हाई. पालमला त्या हॉटेलवाल्यानं ओरडून सांगितलं देव हायत म्हनून. मग येताना तर बघायलाच नको. एक म्हातारी तर पाया बी पडली."

आत्याबाईंनी फडकं सोडून एकेक टाक कपाळाला लावला. पिशवी छातीशी धरून उतरल्या. लेकाला म्हणाल्या, "तू चार हात लांब ऱ्हा." आम्हाला वाटलं, आता घरी.

तेवढ्यात परभणीची गाडी लागली. स्टँड धावलं. आम्ही हललो नाही.

"राजेश्री," आत्याबाई म्हणाल्या, "पाटी वाच. नीट वाच."

"परभणी, आज्जी."

आत्याबाई खिडकीखाली गेल्या. पिशवीला एकदा हात जोडले, टाचा उचलल्या आणि आमच्या डोळ्यांदेखत देव अल्लाद आत सरकवले.

आम्ही तिघं आ वासून बघत राहिलो.

"बघायलाव काय? चढा," त्या म्हणाल्या. "आन् बबिताला सांगा, पानी तापाय ठिव म्हनावं. देवाची आंघोळ ऱ्हायलीय."