उशिरा वाजलेला शंख

पंचवटीतल्या एका मंगल कार्यालयात दर गुरुवारी संध्याकाळी दीडशे माणसं मांडीवर फोन घेऊन बसत. महाराज दूर हिमालयात. दर्शन थेट प्रक्षेपणाने. मोठा पडदा का नाही, तर म्हणे ज्याचं पुण्य त्याच्या फोनवर. सातला महाराज शंख फुंकत. कुणाकडे तो आधी वाजे, कुणाकडे मागून. ज्याचा आधी, त्याच्या लोक पाया पडत. ज्याचा शेवटी, त्याच्या घरात अतृप्त आत्मा.

बाळाजी ओझरच्या विमान कारखान्यातला निवृत्त फिटर. बायको सरोजिनी जाऊन सात महिने झाले होते. मुलगी स्वानंदी आईचाच जुना फोन वापरायची. सलग तीन गुरुवार तिचा शंख शेवटी वाजला. पट्टशिष्य विश्वेशने निदान केलं, आई अडकली आहे. फोटो गोदावरीत सोडा, वर्षभर नाव घेऊ नका. पोरीने रडत फोटो भिंतीवरून उतरवला. बाळाजीला किळस आली. जी बाई मुंगीलाही ओलांडून जायची, ती आता पोरीच्या मुळावर उठली म्हणे!

चौथ्या गुरुवारी तो तिच्याबरोबर गेला. फोटो पिशवीत होता. कार्यक्रम झाला की नदीवर जायचं ठरलं होतं. सातला पाच मिनिटं असताना त्याने विश्वेशचा फोन दर्शनाला मागितला, कारण शंख नेहमी तिथेच पहिला वाजे. दोन्ही हातांनी कपाळाला लावला, अंगठ्याने चित्र थांबवलं, मनात तीसपर्यंत मोजलं, पुन्हा चालू करून परत दिला. विश्वेश भक्ती बघून खूश.

सात वाजले. शंख सगळ्या सभागृहातून फिरला. शेवटी स्वानंदीचाही वाजला. विश्वेशच्या हातातले महाराज अजून प्रवचनच करत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी शंख उचलला.

"विश्वेशराव, तुमच्या घरात कोण अडकलंय?" बाळाजीने विचारलं.

"काका, नेटवर्कचा प्रॉब्लेम असेल."

"तुमचं ते नेटवर्क, आणि माझ्या बायकोचा तो आत्मा?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. बाळाजीने अंगठ्याची करामत सांगून टाकली. चित्र तुकड्यातुकड्याने येतं, फोन थोडे तुकडे साठवतो आणि मग दाखवतो. जुना फोन अडखळतो, अडखळला की मागे राहतो. शेजारी सिक्सरचा ओरडा आधी होतो, आपल्या फोनवर चेंडू नंतर पडतो. तेव्हा कुणी भूत शोधत नाही.

"मी सासूबाईंचा फोटो सोडला हो मागच्या महिन्यात," पुढच्या रांगेतल्या मंगलाबाई हळूच म्हणाल्या. "एकच होता."

स्वानंदीने पिशवी छातीशी धरली.

"मेलेलं माणूस उलट बोलत नाही," बाळाजी म्हणाला. "त्याच्यावर कुणी आळ घेतला तर कशावरून, एवढं तरी आपण विचारावं. तेवढं विचारलं तर देव रागावत नाही. रागावतात ते हे पट्टशिष्य."