दोनवर ठेवलेले बोट

छातीच्या दवाखान्यात खिळ्याला टांगलेला मी एक जुना तक्ता आहे, मित्रांनो. माझ्या अंगावर वरून खाली शून्य ते दहा आकडे आहेत. शून्य म्हणजे श्वास मोकळा, दहा म्हणजे जीव कासावीस. किती धाप लागते त्या आकड्यावर रोग्याने बोट ठेवायचे, डॉक्टरांनी लिहून घ्यायचे.

नवा होतो तेव्हा माझा काय थाट होता! पुढे रक्तातला प्राणवायू मोजणारे, बोटाला लावायचे चिमट्याएवढे यंत्र आले आणि मला कुणी विचारीनासे झाले. एकदा तर कुणीतरी मला टेबलावर आडवे टाकून माझ्यावर चहाचा कप ठेवला. पाचाभोवतीचा तो डाग अजून गेलेला नाही.

एका सकाळी एक म्हातारे शिंपी आले. सोबत त्यांची मुलगी, हातात पुस्तक. दुसऱ्या दिवशी तिचा शेवटच्या वर्षाचा पेपर होता. नव्या डॉक्टरांनी बऱ्याच दिवसांनी मला खिळ्यावरून काढून पुढे धरले. शिंप्यांनी मुलीकडे पाहिले आणि बोट दोनवर ठेवले. श्वासागणिक त्यांचे खांदे वर उचलले जात होते. यंत्राचा आकडाही बरा आला, कारण शिंपी तासभर बसूनच होते. डॉक्टर गोळ्या लिहून त्यांना घरी पाठवू लागले. मला घाम फुटला, पण तक्त्याला तोंड कुठे असते?

जुन्या सिस्टर मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"मामा, सदऱ्याचं माप कसं घेता, सांगा बरं."

"आधी... छाती... मग... खांदा..." त्यांच्या मानेच्या शिरा ताणल्या.

"आणि माप देताना गिऱ्हाईकानं पोट आत ओढलं तर?"

"सदरा... फसतो."

"मग तुम्ही का पोट आत ओढताय?"

शिंप्यांचे बोट हळूहळू खाली सरकले, चहाचा डाग ओलांडून आठावर थांबले.

"हिचा... पेपर आहे... हो."

"बाबा, मला सांगायचं तरी!" मुलगी रडू लागली.

"तू पेपर दे," सिस्टर म्हणाल्या. "इथं मी आहे."

लगेच खाट मिळाली, प्राणवायूची नळी लागली. दुसऱ्या दिवशी मुलगी पेपर देऊन थेट आली आणि तिने मला बापापुढे धरले. त्यांनी बोट चारावर ठेवले. ती त्यांच्याकडे नुसती बघत राहिली. बोट मुकाट्याने सहावर गेले. त्या क्षणी मला फार बरे वाटले.

मित्रांनो, मला पुसा न पुसा, माझी तक्रार नाही. पण घरातले कुणी "काही नाही, जरा दम लागलाय" म्हणाले, तर त्याला एक लांबलचक वाक्य बोलायला लावा. आणि ते पुरे होते का, हे कान देऊन ऐका.