नवरीच्या वेषातली बाटली

लिदुविनाची साखर उतरत नव्हती, आणि डॉक्टर पेगेरोंकडे याचं एकच कारण होतं: म्हातारी खोटं बोलते. चोरून गोड खाते. म्हणून त्यांनी इन्सुलिनचा डोस दोनदा वाढवला आणि महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली. तोवर साखर खाली आली नाही, तर पायाची चिघळलेली बोटं कापायची. माणसाच्या पायाबद्दल ते असं बोलत, जणू वाळलेली फांदी छाटायची आहे.

सरकारी दवाखान्याच्या औषधखिडकीत बसणारी नेरेइदा राजधानीतल्या प्रशिक्षण शिबिराहून नुकतीच आपल्या आसुआ गावी परतली होती. हॉटेलच्या गारठलेल्या दालनात एका साहेबांनी दिवसभर सांगितलं होतं, की आजाराचं मूळ घरात, गल्लीत, ताटात असतं. औषध देणाऱ्यांनी तिथवर जायला हवं. ते स्वतः मात्र जेवणाच्या टेबलापलीकडे गेले नाहीत. नेरेइदा मनातल्या मनात हसली होती. लिदुविनाबद्दल तिचंही मत डॉक्टरांसारखंच होतं.

"मग लिदुविनाच्या घरी जाऊन बघूया ना," शिबिराची हकीकत ऐकून तिची मदतनीस युदेल्का म्हणाली. "नाहीतर त्या साहेबाचं जेवण फुकट गेलं म्हणायचं."

दुपारी दोघी लिदुविनाच्या घरी गेल्या. पत्र्याखालची एक खोली, चुलीवर उकडलेली कच्ची केळी, कोपऱ्यात पाण्याचा रांजण. वीज सकाळपासून गेलेली. गोडाचा कुठे मागमूस नव्हता.

"मावशी, फ्रिज कुठाय?" युदेल्काने विचारलं.

"फ्रिज! अगं, वीज टिकते का इथे? फ्रिज घेऊन त्यात काय कपडे ठेवू?"

"मग इन्सुलिन कुठे ठेवता?"

"चागोकडे. त्याच्याकडे जनरेटर आहे." लिदुविना नेरेइदाकडे वळली. "तूच म्हणालीस ना पोरी, चांगलं थंड ठेवा म्हणून? अख्ख्या वस्तीत त्याच्याइतकं थंड कुणाकडेच नाही."

नेरेइदा दोघींना घेऊन तडक चागोच्या दुकानात गेली. कोपऱ्यावरच्या दुकानदार चागोची बिअर वस्तीचा अभिमान होती. बाटलीवर नवरीच्या पांढऱ्या झग्यासारखं हिव साचलेलं असलं, की गिऱ्हाईक म्हणे, नवरीच्या वेषात आली. त्याहून कमी थंड बाटली कुणी हातात धरत नसे.

चागोने बिअरच्या थंड पेटीत कोपरापर्यंत हात घातला आणि तळातून इन्सुलिनची कुपी काढली. तीही नवरीच्या वेषात होती. आतलं औषध थिजून दगड झालेलं.

"एक पैसा घेत नाही मी," तो छाती फुगवून म्हणाला. "आणखी चार जणांचं आहे माझ्याकडे."

"मी तळहातात धरून वितळवते आणि मग टोचून घेते," लिदुविना म्हणाली.

गोठलेल्या इन्सुलिनचा गुण जातो, हे नेरेइदा कॉलेजात शिकली होती. खिडकीतून मात्र ती वर्षानुवर्षं 'चांगलं थंड ठेवा' एवढंच म्हणत आली होती. तिला स्वतःची लाज वाटली. मग दुसरी गोष्ट तिच्या लक्षात आली: आता या म्हातारीला चांगली कुपी मिळाली आणि तिने तो वाढवलेला डोस घेतला, तर साखर एकदम कोसळेल. झोपेतच जाईल ती.

डॉक्टर पेगेरोंनी सगळं ऐकलं आणि नाक मुरडलं. "गोळ्या मोजायच्या सोडून आता लोकांच्या बिअरच्या पेट्या तपासता का? डोस मी ठरवतो."

"ठरवा. पण जुना डोस लिहून दिल्याशिवाय मी कुपी देणार नाही. तिला काही झालं तर का दिली नाही ते मी सगळ्यांना सांगेन, आणि वाढवलेल्या डोसने का द्यायला सांगितली ते तुम्ही सांगा."

डॉक्टरांनी तिच्याकडे न बघता जुना डोस खरडला.

लिदुविनाची नवी कुपी रांजणाखालच्या ओल्या वाळूत, सावलीत राहू लागली. बाकीच्या चौघांच्या कुप्याही युदेल्काने बदलून दिल्या आणि चागोला दम भरला. साखर हळूहळू उतरली, जखम सुकू लागली, बोटं वाचली.

महिनाअखेरीस शिबिरातले तेच राजधानीचे साहेब फोटोवाल्याला घेऊन आले. डॉक्टर पेगेरो पुढे सरसावले. "रुग्णाला शिस्त लावली, की साखर उतरते," ते म्हणाले. साहेबांनी मान डोलावली आणि दवाखान्याच्या वतीने लिदुविनाला एक टोपली भेट दिली. टोपलीत पेरूची बर्फी, दुधाची मिठाई, साखरेत घोळवलेली बिस्किटं.

खिडकीत नेरेइदाने कपाळाला हात लावला.

लिदुविनाने टोपली नीट बघितली आणि डॉक्टरांच्या हातात ठेवली. "तुम्हीच ठेवा, डॉक्टरसाहेब," ती शांतपणे म्हणाली. "माझ्या घरात सापडली, तर माझी बोटं कापाल."