आकडी खाली ठेव, आर्वो

एकतीस हिवाळे सायमी नवऱ्याबरोबर गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला येत होती, आणि एवढ्या वर्षांत तिच्या गळाला लागलेला एकही मोठा मासा तिचा झाला नव्हता. गळ तिचा, दोरी तिची, थंडीने बधिर झालेली बोटं तिची. पण मासा बर्फातल्या भोकाशी आला रे आला की आर्वो लांब दांड्याची टोकदार आकडी घेऊन धावत यायचा, खचकन मारायचा, वर ओढायचा आणि मग गावभर सांगत सुटायचा, "मी काढला!" सॉनात सांगायचा, दुकानात सांगायचा, एकदा तर चुलत्याच्या मयताच्या कॉफीलासुद्धा सांगत बसला होता.

बाकी माणूस वाईट नव्हता हो. लाकडं फोडायचा, कॉफी करायचा, तिचे बूट आठवणीने चुलीपाशी वाळत घालायचा. फक्त मासा दिसला की त्याच्या अंगात यायचं.

गेल्या मार्चमध्ये तर त्याने कहर केला. मोठी हाउकी, बदकासारख्या चपट्या तोंडाची आणि सुसरीसारख्या दातांची, भोकाखालून नुसती चालली होती. याला कुठला दम? आकडी मारली ती जबड्याखाली नाही, थेट पोटात. हाउकीने हिसका दिला आणि पोट फाडून घेऊन खाली गेली. मे महिन्यात बर्फ वितळला तेव्हा ती लव्हाळ्यात वर आली, फुगलेली, गाबोळीने भरलेली. सायमी होडीत वल्हं धरून रडली. आर्वो म्हणाला, "मोठी होती, नाही?" तेव्हाच तिने ठरवलं, की पुढचा मोठा मासा माझ्या हाताने निघेल, नाहीतर निघणारच नाही.

यंदा मार्चअखेरच्या लख्ख उन्हात तिने गिरमिटाने शेजारीशेजारी दोन भोकं पाडली आणि मधला बर्फ पहारीने फोडून काढला.

"अस्वलाला आंघोळ घालायचीय का?" आर्वो त्याच्या बादलीवर बसून सॉसेज चावत म्हणाला.

"डोकं केवढं आहे ते मासा तुला कळवून येत नाही. आणि नीट ऐक. आज मी सांगितल्याशिवाय आकडीला हात लावायचा नाही. मासा खायचा असेल तरच मारायची, आणि तीही जबड्याखाली."

"आणि तेवढ्यात निसटला तर?"

"तर माझा निसटेल."

आर्वोने खांदे उडवले. एकतीस वर्षं संसार केलेल्या माणसाला बायकोचा कुठला आवाज चेष्टेचा आणि कुठला खरा, एवढं कळतं.

अकराच्या सुमाराला तिच्या भोकावरचा, गळाला ओढ बसली की उठणारा लाल बावटा ताडकन उभा राहिला. सायमी धावली. दोरी आधी हळू, मग सरसरून सुटली. तिने हातमोजे फेकून दिले. ओढली की दोरी यायची, मग पलीकडून कोणीतरी दांडगाईने परत घेऊन जायचं. तिने जाऊ दिली. पुन्हा ओढली, पुन्हा जाऊ दिली. पंधरा मिनिटं हेच चाललं होतं. शेवटी भोकाखालून हिरवट सोनेरी कूस सरकायला लागली, आणि सरकतच राहिली.

"अगं आई गं!" आर्वो किंचाळला. "सायमी, हा मासा नाही, ओंडका आहे!"

आकडी त्याच्या हातात कधी आली ते त्यालाही कळलं नसेल.

हाउकी वर आली, पण आडवी. तिचा जबडा बर्फाच्या खालच्या कडेला अडकला. दोरी कडेवर घासत होती.

"मारतो! आता मारतो!"

"आकडी खाली ठेव, आर्वो."

"जाईल गं ती!"

"जाऊ दे! खाली ठेव म्हणते ना!"

त्याचे बूट बर्फावर थयथयत होते. सायमीला त्याची दया आली, खरंच आली, पण तिने मान वळवली नाही. मागे बूच दाबल्याचा आवाज झाला. आर्वोने आकडीच्या टोकाला बूच लावलं, ती बर्फावर ठेवली आणि स्वतःचा भरवसा नसल्यामुळे तिच्या दांड्यावरच बसला.

आता सायमीने केलं ते बघून कोणालाही वेड लागलं असतं. तिने दोरी सैल सोडली. हाउकी खाली गेली, कडेपासून सुटली, वळली. मग सायमीने हलकेच, अगदी तान्ह्याला पाळण्यातून उचलावं तसं तिला वर घेतलं, आणि या वेळी आधी नाक आलं. ती पोटावर आडवी झाली, बाही खांद्यापर्यंत सारली, हात गारठ्यात घातला. चार बोटं कल्ल्याच्या झाकणाखाली, आतल्या लाल पिसांना धक्का न लावता. एकदाच जोर केला आणि सायमी उताणी, तिच्या मांडीवर हाउकी!

"निघाली!" आर्वो लहान पोरासारखा ओरडला. "बाई गं, हाताने काढलीस!"

गिरमिटाला लावून पाहिली. गिरमिट आखूड पडलं. पोट तट्ट फुगलेलं होतं.

"सूप होईल," आर्वो म्हणाला, "कटलेट होतील, तुझ्या बहिणीला अर्धी..."

"गाबोळी आहे पोटात. महिन्याभरात अंडी घालेल."

"सोडतेस? अगं, कोण विश्वास ठेवेल?"

खरंच कोण ठेवणार? खिशात कॅमेरे असायचे दिवस नव्हते ते. ही हाउकी घसरगाडीवर घालून गावातून न्यायची, दुकानासमोर थांबायचं, हे सगळं सायमीच्या डोळ्यांसमोर आलं, आणि तिला ते हवंही होतं. फार हवं होतं. सोडली, तर या माशाचं जगात उरणार काय? आर्वोचं तोंड. आणि त्या तोंडातून काय बाहेर पडतं ते तिला पाठ होतं.

तिने पक्कडीने गळ काढला आणि हाउकीला भोकात आधार देऊन धरलं. क्षणभर ती तशीच राहिली, मग शेपटीचा असा फटका मारला की आर्वो डोक्यापासून पायापर्यंत भिजला.

तो मिश्या पुसत उठला आणि आधी तिचा निळा पडलेला हात स्वतःच्या स्वेटरमध्ये घालून खसाखसा चोळायला लागला. एवढ्यात पलीकडच्या भोकावरचा ओइवा, त्यांचा शेजारी, धापा टाकत पोचला.

"काय आरडाओरडा लावलाय? आर्वो, काय काढलंस रे?"

तिला कोणी विचारलंच नाही. आर्वोने तोंड उघडलं. झालं, सायमी मनात म्हणाली, आता ही पण गेली. ती काळ्या पाण्याकडे बघत बसली.

"मी?" आर्वो म्हणाला. "मी आकडीवर बसलो होतो."

"बसला होतास?"

"बसवलं होतं. मला काय विचारतोस? हिला विचार. मासा हिचा होता."

सायमीने वर पाहिलं. आर्वो थर्मासचं झाकण काढत होता आणि कान लाल करून फक्त कॉफीकडे बघत होता. तिला एकदम रडू यायला लागलं, मग हसू आलं, मग घसा साफ करून ती सांगायला लागली. दोरी सांगितली, अडकलेला जबडा सांगितला, सैल सोडल्याचं सांगितलं. ओइवाचा आ वासलेलाच होता.

"पण होती तरी केवढी?"

सायमीने दोन्ही हात पसरले. मग जरा विचार करून आणखी वीतभर पसरले. आर्वोने ते पाहिलं, आणि तिचा कप काठोकाठ भरला.